विरोधी बाके आणि दादासाहेब मावळंकर

सार्वत्रिक निवडणुकीची धामधूम संपली, की निकालाची धूळ खाली बसण्यापूर्वीच आपल्या देशात एक प्रश्न चर्चेस येतो. सत्ताधाऱ्यांना जाब विचारील असा नेता विरोधी पक्षांपाशी आहे काय, आणि नसेल तर तो आणावयाचा कोठून? हा प्रश्न १९५२ साली विचारला गेला, १९७१ साली विचारला गेला, १९८४ साली आणि पुन्हा २०१४ सालीही विचारला गेला. प्रत्येक वेळी त्याचे उत्तर व्यक्तीत शोधण्यात आले. कोणी उत्तम वक्त्याची वाट पाहिली, कोणी त्यागी पुरुषाची, तर कोणी लाखालाखाच्या सभा भरविणाऱ्याची. असा पुरुष उद्या खरोखरच अवतरला आणि सभागृहात बोलावयास उभा राहिला, तर त्याला बोलू देण्याची व्यवस्था तेथे शाबूत आहे की नाही, याची विचारपूस करणारे मात्र थोडे. ती व्यवस्था ज्यांनी बव्हंशी आपल्या हातांनी उभारली, त्या गणेश वासुदेव मावळंकर ऊर्फ दादासाहेब यांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगे आहे, असे आम्हांस वाटते.

मध्यंतरी काही कामानिमित्त आमचे बडोद्यास जाणे झाले. तेथील कारेलीबागेत एका मराठी कुटुंबाकडे आमचा मुक्काम होता. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकताच गुजराती, असा तो बडोद्याचा जुना शिरस्ता. संध्याकाळी चारदोन मंडळी जमली आणि बोलणे साहजिकच राजकारणावर आले. आणीबाणीतील बडोदा डायनामाइट खटला वडीलधाऱ्यांना चांगला आठवत होता. जॉर्ज फर्नांडिस यांना १९७६ च्या जूनमध्ये कलकत्त्यास अटक झाली आणि १९७७ साली सत्तांतर होताच खटला काढून घेण्यात आला, हेही त्यांनी सांगितले. हुकूमशाहीच्या प्रतिकाराशी आपल्या शहराचे नाव जोडले गेले आहे याचा त्यांना अभिमान होता, आणि तो गैर नव्हे. परंतु स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले सभापती याच बडोद्यात जन्मले, हे सांगताच मंडळी चकित झाली. मावळंकर म्हणजे अहमदाबादचे, एवढेच त्यांना ठाऊक होते. आमच्या गोमंतकात तरी याहून अधिक कितीजणांना ठाऊक असेल?

वास्तविक मावळंकरांचे घराणे आपल्या शेजारचे, कोकणातले. रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वराकडील मावळंगे हे त्यांचे मूळ गाव, आणि आडनावही त्यावरूनच आलेले. गायकवाडांच्या राज्यात विद्येला आणि नोकरीला वाव होता. कोकणातील कितीतरी कुटुंबे अशीच घाट आणि खाडी ओलांडून तिकडे गेली. २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्यात गणेशरावांचा जन्म झाला, तेव्हा सयाजीराव महाराजांच्या कारभाराला रंग भरू लागला होता. पुढे १९०६ साली ज्या राज्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, ते हेच राज्य. गणेशरावांचे आरंभीचे काही शिक्षण मात्र पुन्हा कोकणात, राजापुरास झाले. १९०२ साली ते पुढील शिक्षणासाठी अहमदाबादेस गेले आणि त्या शहराचेच होऊन राहिले. गुजरात कॉलेजातून १९०८ साली त्यांनी विज्ञानाची पदवी घेतली. १९१२ साली मुंबईत कायद्याची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले, आणि दुसऱ्या वर्षी अहमदाबादेत वकिली थाटली.

त्या वेळच्या अहमदाबादेतील वकील मंडळींचा अड्डा म्हणजे गुजरात क्लब. वल्लभभाई पटेल तेथे पत्ते खेळत बसलेले असत. दक्षिण आफ्रिकेतून आलेले गांधी क्लबात भाषणाला आले असता मावळंकर ऐकावयास उठले आणि वल्लभभाईंनी त्यांची थट्टा केली, ही हकिकत पुष्कळांनी लिहून ठेवली आहे. थोड्याच दिवसांत थट्टा करणारा आणि थट्टा सोसणारा असे दोघेही गांधींच्या मागे गेले. गुजरात सभेचे चिटणीसपद, खेड्याचा सत्याग्रह, १९२१-२२ मध्ये गुजरात प्रांतिक काँग्रेसचे चिटणीसपद, १९३० चा मिठाचा सत्याग्रह आणि १९४२ चा लढा हे सारे टप्पे मावळंकरांच्या आयुष्यात येतात. सगळा हिशेब केला तर सुमारे सहा वर्षे त्यांनी तुरुंगात काढली. तुरुंगात भेटलेल्या खुनी, दरोडेखोर अशा कैद्यांच्या हकिकती त्यांनी गुजरातीत लिहिल्या. ‘मानवतानां झरणां’ हे ते पुस्तक. शिक्षा झालेल्या माणसाचे म्हणणेही अखेरपर्यंत ऐकून घ्यावे, ही वृत्ती त्यात पानोपानी दिसते. सभापतीला लागणारा हा पहिला गुण त्यांच्या अंगी कोठून आला, याचा शोध घेणाऱ्याने त्या पुस्तकाकडे अवश्य वळावे.

अहमदाबाद नगरपालिकेत ते १९१९ साली प्रथम निवडून आले आणि १९३० नंतर दोन वेळा तिचे अध्यक्ष झाले. गटारे, पाणी, शाळा आणि कर या विषयांवर तासन्‌तास चालणाऱ्या बैठका ज्याने चालविल्या आहेत, त्याला सभाशास्त्र पुस्तकातून शिकावे लागत नाही. म्हणूनच १९३७ साली मुंबई प्रांताच्या विधानसभेवर निवडून येताच त्यांची सभापतिपदी निवड झाली, यात नवल नव्हते.

या मुंबईच्या विधानसभेकडे किनारपट्टीच्या वाचकाने विशेष लक्ष द्यावे. बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ सत्तेवर होते आणि समोरच्या बाकांवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष संख्येने लहान, पण त्याचा नेता कायद्याचा गाढा अभ्यासक. १९३७ च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी खोतीची पद्धत नष्ट करण्याचे विधेयक याच सभागृहात मांडले. कोकणच्या कुळाला खोत म्हणजे काय चीज होती, हे आमच्या जुन्या वाचकांना सांगावयास नको. विधेयक पार पडले नाही. खोती जाण्यास स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडावा लागला. पण कोकणच्या कुळाचे गाऱ्हाणे कायद्याच्या भाषेत, सरकारच्या तोंडावर, राज्याच्या सर्वोच्च सभागृहात मांडले गेले, आणि ते विरोधी बाकांवरून मांडले गेले. पुढच्या वर्षी औद्योगिक कलहांच्या विधेयकास बाबासाहेबांनी असाच कडवा विरोध केला आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत कामगारांचा एक दिवसाचा संप झाला. सरकार मावळंकरांच्याच पक्षाचे. त्याच पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेल्या माणसाने अशा विरोधकाला बोलू द्यावयाचे, त्याच्या दुरुस्त्या नियमात बसवून घ्यावयाच्या आणि तरीही सरकारचे काम अडू द्यावयाचे नाही, ही तारेवरची कसरत त्यांनी तेथे साधली. दिल्लीस ते गेले ते हा अनुभव पाठीशी बांधून.

दिल्लीचा पहिला प्रसंग मोठा अटीतटीचा होता. २४ जानेवारी १९४६ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळाच्या अध्यक्षपदासाठी मतदान झाले. समोर सर कावसजी जहांगीर उभे होते. सरकारनियुक्त सभासद, युरोपीय गट आणि मुस्लिम लीग यांची मते काँग्रेसच्या विरोधात जाणार हे उघड होते. मावळंकरांना ६६ आणि जहांगिरांना ६३ मते पडली. अवघ्या तीन मतांचा फरक. दोन वर्षांच्या आत तेच कायदेमंडळ इतिहासजमा झाले आणि १७ नोव्हेंबर १९४७ रोजी घटना समितीच्या कायदेविषयक बैठकांचे सभापती म्हणून मावळंकर निवडले गेले. हंगामी संसदेतही ते आसन त्यांच्याकडेच राहिले. १५ मे १९५२ रोजी पहिल्या लोकसभेने त्यांना निवडले, ते ५५ विरुद्ध ३९४ मतांनी. प्रतिस्पर्धी होते शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे. देशाच्या पहिल्या लोकसभेच्या सभापतिपदासाठी दोन मराठी माणसांत चुरस व्हावी, एक गुजरातेतून आलेला आणि दुसरा सोलापुरातून, ही गोष्ट आज कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

त्या लोकसभेचे चित्र डोळ्यांपुढे आणा. ४८९ जागांपैकी ३६४ काँग्रेसच्या. सर्वांत मोठा विरोधी पक्ष कम्युनिस्टांचा, त्यांच्या जागा १६. समाजवादी १२. पंडित नेहरूंसारखा लोकप्रिय पंतप्रधान आणि त्याच्यासमोर विखुरलेली मूठभर माणसे. असे बहुमत हाती आलेल्या कितीतरी नवस्वतंत्र देशांत पुढे एकपक्षीय राजवट आली किंवा लष्कर आले. आपल्याकडे तसे घडले नाही याचे श्रेय नेहरूंच्या लोकशाहीनिष्ठेला दिले जाते आणि ते योग्यच आहे. तथापि पंतप्रधानाची निष्ठा ही अखेर एका माणसाची मर्जी असते. ती मर्जी सभागृहाच्या नियमांत, समित्यांत आणि प्रघातांत उतरविण्याचे काम कोणीतरी करावे लागते, आणि ते मावळंकरांनी केले.

त्यांच्या कारकिर्दीत काय काय झाले हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. प्रश्नोत्तराच्या तासाला शिस्त आली. मंत्र्याचे उत्तर अपुरे वाटल्यास अर्ध्या तासाची चर्चा मागता येऊ लागली. मतदान न घेता निकडीच्या विषयावर अल्पकालीन चर्चा आणि लक्षवेधी सूचना ही साधने सभासदांच्या हाती आली. १९५० साली अंदाज समिती बसली. १९५३ च्या डिसेंबरात आणखी दोन समित्या अस्तित्वात आल्या, आणि आमच्या मते याच दोन सर्वांत महत्त्वाच्या. मंत्र्याने सभागृहात दिलेले आश्वासन पाळले की नाही हे तपासणारी एक. आणि कायद्याच्या आडोशाने खात्यांनी केलेले नियम व पोटनियम कायद्याच्या मर्यादेत आहेत की नाहीत हे पाहणारी दुसरी. अधिकारशाही नेहमी रणगाड्यावर बसून येते असे नाही. पुष्कळदा ती राजपत्राच्या शेवटच्या पानावर, बारीक टाइपात, एखाद्या पोटनियमाच्या रूपाने येते. मावळंकर वकील होते, आणि बारीक टाइप वाचण्याची त्यांना सवय होती.

वटहुकुमांच्या बाबतीत त्यांनी जे केले ते तर प्रत्येक सभापतीने वारंवार वाचावे असे आहे. संसदेची बैठक नसताना राष्ट्रपतींच्या सहीने कायदा करण्याची सोय घटनेने ठेवली आहे. ती खरोखरीच्या निकडीसाठी. परंतु राज्यघटना अमलात येऊन वर्ष लोटले नाही तोच सरकारला या सोयीची चटक लागली. मावळंकरांनी १९५० च्या नोव्हेंबरात संसदीय कामकाज मंत्र्यांना पत्र लिहिले आणि अशी कायदे करण्याची रीत मुळातच लोकशाहीला धरून नाही, हे स्पष्टपणे कळविले. वटहुकूम काढून मग अधिवेशनात त्यावर शिक्कामोर्तब करून घेण्याची सवय लागली, तर संसदेला निर्णयात काही वाटा उरत नाही, सभासदांच्याही मनात आपली उपेक्षा होते अशी भावना मूळ धरते, असा त्यांचा मुद्दा होता. खुद्द पंडित नेहरूंशी त्यांचा यावर पत्रव्यवहार झाला. सरकारची अडचण नेहरूंनी मांडली, पण मावळंकर निवळले नाहीत. १९५४ च्या जुलैत त्यांनी पुन्हा तोच विषय काढला. ज्या पंतप्रधानाच्या पक्षाने आपल्याला आसनावर बसविले त्यालाच हे सुनवावयाचे, तेही जाहीर सभेत टाळ्या घेण्यासाठी नव्हे तर खासगी पत्रातून, यात त्यांच्या स्वभावाचे मर्म आहे.

त्यांचा इशारा किती दूरचा होता हे पुढे बिहारने सिद्ध केले. तेथे १९६७ ते १९८१ या काळात २५६ वटहुकूम काढण्यात आले आणि विधिमंडळापुढे न आणता पुन्हापुन्हा नव्याने जारी करून त्यांतील कित्येक वर्षानुवर्षे जिवंत ठेवण्यात आले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील संशोधक डॉ. वाधवा यांनी हे हुडकून काढले आणि सर्वोच्च न्यायालयात नेले. १९८६ साली न्यायालयाने हा प्रकार घटनेशी केलेली प्रतारणा ठरविला. लक्षात घ्यावयाची गोष्ट ही, की बिहारात या चौदा वर्षांत विरोधी पक्ष होते आणि विरोधी नेतेही होते. जे आमदारांना दिसावयास हवे होते ते ग्रंथालयात बसलेल्या एका प्राध्यापकाला दिसले.

आता दादासाहेबांच्या कारकिर्दीतील वादाच्या जागांकडे वळले पाहिजे. केवळ गुणगान करावयाचे तर अग्रलेखाची जागा कशाला खर्ची घालावी?

पहिला वाद त्यांच्या पक्षसदस्यत्वाचा. इंग्लंडात सभापती झालेला माणूस पक्षाचा संबंध तोडतो आणि त्याच्या मतदारसंघात सहसा कोणी प्रमुख पक्ष त्याच्याविरुद्ध उभा राहत नाही. मावळंकरांनी काँग्रेस सोडली नाही. दुसऱ्या बाजूचा प्रघात, म्हणजे सभापतीला बिनविरोध निवडून देण्याचा, जोवर सर्व पक्ष मान्य करीत नाहीत तोवर एका बाजूनेच संन्यास घेण्यात अर्थ नाही, अशी त्यांची भूमिका होती. पक्षाच्या दैनंदिन खलबतांपासून मात्र ते दूर राहिले. ही भूमिका व्यवहार्य होती, पण तिने दार किलकिले ठेवले, आणि त्या फटीतून पुढे काय काय आत शिरले हे आपण पाहतच आलो आहोत. १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा झाला आणि आमदार-खासदाराच्या अपात्रतेचा निर्णय सभापतीच्या हाती आला. तेव्हापासून तर सभापतीचा पक्ष हा सरकारच्या आयुष्याचा प्रश्न होऊन बसला.

दुसरा वाद तहकुबी सूचनांचा. इंग्रजी अमदानीत सरकारला झोडपण्याचे ते हुकमी हत्यार होते. स्वराज्यात सरकार सभागृहाला जबाबदार आहे आणि चर्चेची इतर साधने आहेत, तेव्हा कामकाज तहकूब करण्याची सूचना अपवाद म्हणूनच यावी, असा निर्णय मावळंकरांनी दिला आणि अशा सूचना ते एकामागून एक नाकारीत गेले. विरोधकांचा संताप वाढत गेला. अखेर १८ डिसेंबर १९५४ रोजी लोकसभेत सभापतींविरुद्ध ठराव आला. विघ्नेश्वर मिसिर यांनी तो मांडला. पक्षपाताचा आरोप होता. उपसभापती अनंतशयनम अय्यंगार आसनावर बसले. नेहरू भाषणाला उभे राहिले आणि त्यांनी आपल्या सभासदांना पक्षादेशातून मोकळे केले. हा पक्षाचा नव्हे, सभागृहाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, ही त्यांची मांडणी होती. ठराव फेटाळला गेला. सभापतींवर आक्षेप घेणाऱ्या सभासदांना देशद्रोही ठरविण्यात आले नाही, की सभागृहाबाहेर काढण्यात आले नाही. १९८९ च्या मार्चमध्ये ठक्कर आयोगाच्या अहवालावरून गदारोळ झाला तेव्हा एकाच दिवशी लोकसभेचे ६३ सभासद निलंबित झाले. २०२३ च्या डिसेंबरात दोन्ही सभागृहांतून मिळून १४६. पहिल्या वेळी सत्तेवर एक पक्ष होता, दुसऱ्या वेळी दुसरा. गोंधळ घालणाऱ्यांची बाजू घेण्याचा आमचा मुळीच इरादा नाही. सभागृहातील हौद्यात उतरून फलक फडकविणे म्हणजे विरोध नव्हे, आणि मावळंकरांनी ते क्षणभरही सहन केले नसते. पण ज्याला बोलण्याची वेळ नेमाने मिळते त्याला हौद्यात उतरण्याचे निमित्त उरत नाही, हेही तितकेच खरे. पहिल्या लोकसभेच्या पाच वर्षांत ६७७ दिवस बैठका झाल्या. २०१९ ते २०२४ या काळातील सतराव्या लोकसभेत २७४. याच सतराव्या लोकसभेने आपली पाचही वर्षे उपसभापती न निवडता काढली.

तिसरा वाद आमच्या मते सर्वांत गंभीर, आणि तो आजच्या विषयाच्या गाभ्याला भिडणारा आहे. सभागृहातील एखाद्या गटाला पक्ष म्हणून मान्यता द्यावयाची तर त्याचा स्वतंत्र कार्यक्रम आणि संघटना हवी, आणि त्याची संख्या निदान सभागृहाच्या गणसंख्येइतकी, म्हणजे एक-दशांश तरी हवी, असा दंडक मावळंकरांनी घातला. त्यामागील हेतू आम्ही असा समजतो, की दोनदोन चारचार सभासदांच्या गटांनी आपापली चूल मांडून बसण्यापेक्षा एकत्र यावे आणि उद्या सरकार चालवू शकेल असा एक पर्यायी पक्ष उभा राहावा. हेतू चांगला होता, परंतु परिणाम विपरीत झाला. श्यामाप्रसाद मुखर्जींनी निरनिराळ्या लहान गटांची मोट बांधली, पण अधिकृत विरोधी पक्षाचा दर्जा कोणालाच लाभला नाही. १९५३ च्या जूनमध्ये मुखर्जी श्रीनगरास स्थानबद्धतेत निवर्तले. लोकसभेला पहिला मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता मिळाला तो १९६९ साली, काँग्रेस दुभंगल्यानंतर, रामसुभग सिंह यांच्या रूपाने. म्हणजे सतरा वर्षे ती खुर्ची रिकामीच होती. १९७७ साली विरोधी पक्षनेत्याच्या पदाला कायद्याचा आधार मिळाला, आणि तेव्हा त्या जागी यशवंतराव चव्हाण बसलेले होते. त्या कायद्यात एक-दशांशाचा उल्लेख नाही. संख्येने सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचा, सभापतींनी मान्य केलेला नेता, एवढेच त्यात म्हटले आहे. तरी जुन्या दंडकाचा दाखला देऊन १९८० ते १९८९ हे पद रिकामे राहिले. २०१४ साली काँग्रेसला ४४ जागा मिळाल्या, २०१९ साली ५२. दोन्ही वेळी पद नाही. २०२४ साली ९९ जागा आल्या तेव्हा कोठे ते भरले. त्याच वर्षी महाराष्ट्रात विधानसभेच्या २८८ पैकी एक-दशांश जागा एकाही विरोधी पक्षाला मिळाल्या नाहीत आणि तेथे नवी विधानसभा विरोधी पक्षनेत्यावाचून भरली.

चांगल्या माणसाने चांगल्या हेतूने घातलेला दंडक त्याच्यानंतर कोणाच्या हाती पडेल हे त्याला ठरविता येत नाही. हल्लीच्या कायद्यान्वये दक्षता आयुक्त, लोकपाल, गुप्तवार्ता व अन्वेषण खात्यांचे प्रमुख यांपैकी काहींच्या निवड समित्यांत विरोधी पक्षनेत्याला स्थान आहे. तेव्हा हे पद आता मानापानाचे राहिलेले नाही. १९५२ च्या संख्येचे माप त्याला लावीत बसणे आम्हांला सयुक्तिक वाटत नाही, आणि मावळंकरांचे नाव घेऊन ते लावणे तर त्याहून नाही.

गोमंतकाला या बाबतीत स्वतःची अशी एक परंपरा आहे आणि तिचा आम्हांस अभिमान वाटतो. १९६३ च्या डिसेंबरात पहिली विधानसभा आली तेव्हा ३० जणांच्या सभागृहात भाऊसाहेब बांदोडकरांच्या मगो पक्षासमोर जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्सचे १२ आमदार होते. सरकार सत्तेवर असताना जनमत कौल निःपक्षपाती होणार नाही, ही विरोधकांची मागणी मान्य होऊन १९६६ च्या डिसेंबरात मंत्रिमंडळ पायउतार झाले आणि १६ जानेवारी १९६७ रोजी कौल घेतला गेला. कौलाचा निकाल ज्यांना रुचला नाही त्यांनाही तो प्रामाणिक मतदानाचा म्हणून स्वीकारावा लागला. त्यानंतर याच विधानसभेने पक्षांतरांचे विक्रमही पाहिले. २०१९ च्या जुलैत काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार एका रात्रीत सत्ताधारी झाले. २०२२ च्या सप्टेंबरात ११ पैकी ८. उरले तीन. आणि तरीही ४० जणांच्या त्या सभागृहात, एक-दशांश भरत नसताना, युरी आलेमांव यांना विरोधी पक्षनेता म्हणून मान्यता देण्यात आली. जे पणजीत होऊ शकले ते मुंबईत आणि दिल्लीत का होऊ नये?

मावळंकरांचे शेवटचे दिवस धावपळीतच गेले. लोकसभेचे काम, कस्तुरबा स्मारक निधी, हरिजन आश्रम, अहमदाबादच्या शिक्षणसंस्था. विश्रांती हा शब्द त्यांच्या दिनक्रमात नव्हता. १९५६ च्या आरंभी त्यांना हृदयविकाराने गाठले आणि २७ फेब्रुवारी रोजी, वयाच्या ६८ व्या वर्षी, अहमदाबादेत त्यांचा अंत झाला. त्याच वर्षी संसदेतील भाषणांचा प्रामाणिक वृत्तांत छापणाऱ्या वृत्तपत्रांना संरक्षण देणारा कायदा फिरोज गांधी यांच्या प्रयत्नाने मंजूर झाला. मावळंकरांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर त्यांच्या पत्नी सुशीलाबाई बिनविरोध निवडून आल्या.

सोळा वर्षांनी, १९७२ साली, इंदुलाल याज्ञिक निवर्तल्यामुळे अहमदाबादेत पोटनिवडणूक झाली आणि दादासाहेबांचे चिरंजीव पुरुषोत्तम मावळंकर अपक्ष म्हणून लोकसभेत आले. व्यवसायाने प्राध्यापक, राज्यशास्त्राचे अभ्यासक. ज्या आसनावर वडील बसत त्याच्या समोर, विरोधी बाकांवर, त्यांची जागा होती. पाठीशी पक्ष नाही, संघटना नाही, नेता म्हणून कोणी त्यांच्याकडे पाहत नव्हते. १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी आली. विरोधी पक्षांचे नामांकित पुढारी रातोरात तुरुंगात गेले. लोकसभेची मुदत वाढविली तेव्हा मधु लिमये आणि शरद यादव यांनी सभासदत्वाचे राजीनामे दिले. जुलैत अधिवेशन भरले तेव्हा पहिला घाव पडला तो प्रश्नोत्तराच्या तासावर; तो स्थगित करण्यात आला. त्या सभागृहात पुरुषोत्तमराव उभे राहत आणि वडिलांनी रुजविलेल्या नियमांचा आधार घेऊन आणीबाणीला विरोध करीत. सत्ताधाऱ्यांनी पुष्कळ काही बंद केले, पण सभापतींनी नाव पुकारल्यावर सभासदाला बोलू देण्याचा प्रघात पूर्णपणे मोडणे त्यांनाही जमले नाही.

त्यांची ती भाषणे देशाला मात्र ऐकू गेली नाहीत. फिरोज गांधींचा कायदा १९७५ च्या डिसेंबरात रद्द झाला होता आणि संसदेतील भाषणांवरही प्रसिद्धिपूर्व तपासणी बसली होती. १९७७ साली गांधीनगरच्या मतदारांनी पुरुषोत्तमरावांना पुन्हा निवडून दिले. तो कायदाही त्याच वर्षी परत आला. आणीबाणीतील भाषणांचे ‘नो, सर’ हे पुस्तक १९७९ साली निघाले, तेव्हा कोठे ती भाषणे लोकांना वाचावयास मिळाली.